गाडी पाणी खाते म्हणून हेड गॅस्केटच गेली का?

वाचकाचा प्रश्न: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका वाचकांकडे २०१४ ची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. जुलैत सहकुटुंब बेळगावला जाताना केरी सोडल्यावर चोर्ला घाटाच्या चढणीत तापमानाचा लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. थोडे थांबून त्यांनी बाटल्यांतले पाणी ओतले, गाडी वळवली आणि उताराने साखळी शहरापर्यंत आणली. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर पाणी घालावे लागते, पण खाली थेंब पडलेला दिसत नाही. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. ऑइलचे झाकण उघडले तर आत दुधाळ, पिवळट साय दिसते. वाड्यावरच्या गॅरेजवाल्याने ते झाकण पाहून सांगितले, ‘हेड गॅस्केट गेली, इंजिन खोलावे लागणार, चाळीस हजारांच्या घरात जाईल.’ मेहुणे म्हणतात, ‘आहे तशी विकून टाका.’ एका मित्राने रेडिएटरमध्ये ओतायचे लिक्विड आणून दिले आहे. गॅरेजवाला वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याच्याकडे तपासण्या मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे या वाचकांना वाटते. चवथीला (गणेश चतुर्थीला) गाडी हवी आहे. काय करावे?

उत्तर:

सर्वांत आधी, गाडी दारात उभी करा आणि निदान पक्के होईपर्यंत चालवू नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली सील. ती खरोखर गेली असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) ऑइलमध्ये उतरत असू शकते, आणि अशा ऑइलवर क्रँकच्या बेअरिंग टिकत नाहीत. बेअरिंग घासल्या की काम हेडपुरते राहत नाही, पूर्ण इंजिन बांधावे लागते. गॅस्केट शाबूत असेल तरी पाणी कुठेतरी जातेच आहे. ते कमी असताना गाडी आणखी एकदा तापली तर आज चांगली असलेली गॅस्केट उद्या जाईल. ‘परत लाल दिवा लागला नाही’ यावरही विसंबू नका. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाणी उतरून तो वाफेत उघडा पडला की इंजिन भाजत असतानाही दिवा विझलेला राहू शकतो.

आता तुम्ही लिहिलेल्या खुणांकडे वळू. हेड गॅस्केटचा संशय यावा अशाच त्या आहेत, गॅरेजवाल्याने हवेत काही सांगितलेले नाही. पण यातल्या प्रत्येक खुणेला दुसरेही कारण असू शकते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ते कारण हमखास हजर असते.

झाकणाखालच्या सायीचेच बघा. या दिवसांत हवा ओलीचिंब असते. गाडी रोज डिचोलीहून साखळीपर्यंत जाऊन बंद होत असेल तर ऑइल पुरेसे तापत नाही. इंजिनाच्या पोटात साठलेली वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे झाकणाखाली, जमते आणि ऑइलशी घुसळून तिची साय होते. धडधाकट इंजिनातही हे होते. म्हणून झाकण पाहून निकाल देऊ नये, डिपस्टिक पाहावी. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळे असेल आणि पातळी वाढलेली नसेल, तर कूलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता कमी. तुमच्या गाडीने आजवर काही लिटर पाणी खाल्ले आहे. त्यातले अर्धा लिटर जरी ऑइलमध्ये गेले असते तरी पातळी ठळकपणे वाढलेली दिसली असती. आणखी खात्री हवी असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, ऑइलचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करायला सांगा. पाणी जड असल्याने तळाला बसते आणि सुटे पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते. तापलेल्या तव्यावर ऑइलचा एक थेंब टाकला आणि तो तडतडला, तर त्यात पाणी आहे. (यासाठी वापरलेला तवा परत स्वयंपाकघरात नेऊ नका.)

सकाळचा पांढरा धूर आणखीच फसवा. सायलेन्सरमध्ये रात्रभर जमलेली ओल पहिल्या काही मिनिटांत वाफ होऊन निघते. चिंता तेव्हा करायची, जेव्हा इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. तुमच्या पत्रात फक्त सकाळचा उल्लेख आहे. अर्धा लिटर पाणी दोन-तीन दिवसांत सिलिंडरमधून जळून जात असते तर गरम इंजिनावरही बहुधा धूर दिसला असता, आणि सुरू करताना गाडीने काही सेकंद मिसिंग केले असते, म्हणजे गचके देत अडखळली असती. तसे होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्याकडे मुद्दाम लक्ष द्या.

राहिले ‘खाली थेंबही दिसत नाही’. पावसात भिजलेल्या अंगणात तो दिसणार कसा? शिवाय बऱ्याच गळत्या इंजिन गरम आणि सिस्टिम दाबाखाली असतानाच होतात. पाणी तापलेल्या एक्झॉस्टवर पडून वाफ होऊन जाते आणि गाडी उभी केल्यावर थांबते. एक मोठा कोरा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली पसरा. दिवसा टॉर्च घेऊन या जागा बघा: रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि ॲल्युमिनियमचा सांधा, प्रत्येक होस पाइपची क्लिप, थर्मोस्टॅटचे (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचे) घर, आणि वॉटर पंपाच्या खालचे छोटे भोक. पंपाचे सील गेले की पाणी त्या भोकातूनच झिरपते. वाळलेले कूलंट पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली सोडते. खपली सापडली की निम्मे निदान झाले. डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचाही चाचपा. एसीच्या पाण्यानेही तो भिजतो, पण ते पाणी साधे असते. हीटरच्या कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) आलेले कूलंट बोटांना बुळबुळीत लागते.

एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि गॅरेजवाल्यानेही तो विचारलेला दिसत नाही: त्या दिवशी गाडी मुळात तापली का? हेड गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही. आधी इंजिन तापते. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते. मग गॅस्केटवरचा दाब एका जागी कमी होऊन तिथून वायू किंवा पाणी वाट काढते. मूळ कारण तसेच राहिले तर चाळीस हजार खर्चून बसवलेली नवी गॅस्केट पुढच्या घाटात पुन्हा जाईल.

चोर्ल्याच्या चढणीत गाडी भरलेली, एसी चालू, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी. समोरून वारा लागत नाही, त्यामुळे सगळा भार रेडिएटरच्या फॅनवर. फॅन, त्याचा फ्यूज, रिले किंवा तापमानाचा सेन्सर यांपैकी काही बिघडले असेल तर गाडी नेमकी घाटात आणि म्हापशाच्या बाजारातल्या गर्दीत तापते, हायवेवर बरी चालते. याउलट रेडिएटर आतून कोंदलेला असेल तर सलग वेगात चालवतानाही तापते. थर्मोस्टॅट बंदच राहून अडकला तर कुठेही, थोड्याच वेळात. आपल्या भागात आणखी एक कारण असते. खाणपट्ट्यातली लाल धूळ उन्हाळाभर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागचा रेडिएटर मात्र मातीने लिंपल्यासारखा असतो. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळीचे पापुद्रे झडलेले असतात. गाडीत वर्षानुवर्षे कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले गेले असेल तर आत क्षार आणि गंज धरतो, आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटा गॅस्केटच्या कडेपर्यंत खाल्ल्या जातात. तुमच्याकडे काय घातले जात होते, ते आठवून गॅरेजवाल्याला जरूर सांगा.

वाटेत ओतलेल्या पाण्याबद्दलही थोडे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्याने हेडला धक्का बसतो. अर्धा-पाऊण तास थांबणेच बरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असे घाईत भरलेले पाणी आत हवा अडकवून ठेवते. नंतर ती हवा हळूहळू सुटते, टाकीतली पातळी उतरते आणि गाडी ‘पाणी खाते’ असे वाटते. पहिल्या दोन-तीन वेळच्या भरण्यापुरते हे कारण चालेल. आठवडे उलटूनही तीच गत असेल तर गळती आहे, हे धरून चला.

आता तपासण्या. खर्च आणि खटाटोप कमी असलेली आधी, या क्रमाने त्या कराव्यात.

पहिली घरीच होते, साधने लागत नाहीत. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. (गरम असताना कधीही नाही, उसळलेल्या कूलंटने तोंड आणि हात भाजतात.) रात्रभर थंड झालेल्या गाडीचे झाकण फुस्स करून दाब सोडत असेल तर ती गंभीर खूण आहे, कारण थंड सिस्टिममध्ये दाब उरायला नको. मग काठोकाठ भरून, झाकण उघडेच ठेवून गाडी सुरू करा. सुरुवातीला बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडल्यावर ते थांबायला हवेत. न थांबता येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर तो सिलिंडरमधला जळका वायू. इंजिन तापत जाईल तसे तोंड दूर ठेवा, पाणी उसळू लागले की गाडी बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण लावून गाडी सुरू करा आणि वरचा होस पाइप दाबून बघा. पाइप अजून गार आहे आणि मिनिट-दीड मिनिटात दगडासारखा घट्ट झाला, तर उष्णतेने नव्हे, वायूने दाब भरला आहे. हात फॅन आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. फॅन केव्हाही फिरू लागतो.

दुसरी प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप आणि गेज लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुतेक छोट्या गाड्यांत ०.९ किंवा १.१ बारपर्यंत, हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटे काटा बघत राहायचे. काटा उतरला आणि कुठे ओल दिसली तर गळती बाहेरची. काटा उतरतो पण बाहेर सगळे कोरडे असेल, तर दाब तसाच ठेवून काही तासांनी प्लग काढायचे, कॉइलचे कनेक्शन आणि फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून क्षणभर सेल्फ मारायचा. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला की तो सिलिंडर सापडला. प्लगही नीट बघा: तीन करडे आणि एक वाफेने धुतल्यासारखा चकचकीत, हे बोलके चिन्ह असते. याच पंपाने झाकणही तपासून घ्या. दाब न धरणारे झाकण पाणी टाकीवाटे बाहेर फेकते, आणि ते बदलणे सर्वांत स्वस्त काम आहे.

तिसरी निळ्या द्रवाची, ब्लॉक टेस्टरची. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. तिच्यात जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. कूलंटची पातळी आधी दोन बोटे खाली आणायची. कूलंट नळीत ओढले गेले तर द्रव खराब होतो आणि टेस्ट फुकट जाते. इंजिन गरम हवे. रंग बदलला तर गॅस्केट गेली किंवा हेडला तडा गेला, एवढे नक्की. बदलला नाही तर मात्र गॅस्केट निर्दोष ठरत नाही. काही गळत्या फक्त भाराखाली उघडतात, काही केवळ पाणी आत घेतात, वायू बाहेर सोडत नाहीत. डिझेल गाडी असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की तिथे साध्या रेसवर हा वायू कमी असतो, म्हणून डिझेलसाठीचा वेगळा द्रव लागतो. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (परत इंजिनात सोडायचा धूर गार करणारा भाग) फुटूनही पाणी कमी होते आणि पांढरा धूर येतो, आणि ऑइल कूलर फुटून ऑइल-पाणी मिसळते. हेड उतरवण्यापूर्वी ते दोन्ही तपासावेत.

चौथी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणे. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चार्ज बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरचे आकडे घ्यायचे. पेट्रोलमध्ये ते साधारण १० ते १४ बारच्या दरम्यान येतात. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर त्यांच्यामधली गॅस्केट गेली. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चारही चांगले आले म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. पाण्याची बारीक गळती असलेल्या इंजिनातही कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. तेव्हा लीक-डाउन टेस्ट कामी येते: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. ऑइलच्या भोकातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

तुमची खरी अडचण यंत्राची कमी आणि माणसाची जास्त आहे, असे मला पत्रावरून वाटले. इतक्या जुन्या ओळखीच्या माणसाला ‘आधी सिद्ध कर’ कसे म्हणायचे? पण तपासणी मागणे हा अविश्वास आहे, हे गृहीतच मला पटत नाही. निदान चुकले आणि हेड उतरवल्यावर गॅस्केट चांगली निघाली, तर संबंध जास्त बिघडतील, आणि नुकसान त्याचेही होईल. सरळ म्हणा, ‘दादा, इंजिन तूच खोलशील. त्याआधी प्रेशर टेस्ट आणि निळ्या पाण्याची टेस्ट करून घेऊ, त्याचे पैसे वेगळे लाव. आणि फॅन, थर्मोस्टॅटही बघ, गाडी तापली कशाने ते कळू दे.’ त्याच्याकडे साधने नसतील तर म्हापसा, पणजी किंवा फोंड्याच्या मोठ्या वर्कशॉपमधून तेवढीच तपासणी करून आणता येते. त्याला बरोबर घेऊन गेलात तर उत्तम. गाडी टो करूनच न्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग त्यात बसते का, ते पॉलिसीत बघा.

गॅस्केट गेल्याचे सिद्ध झालेच तर काम कसे व्हावे, हे आधी ठरवा. हेड लेथवर पाठवून सरळपट्टी आणि फीलर गेजने वाकणे मोजायला हवे. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. ब्लॉकचा माथाही तसाच मोजावा, तो पुष्कळदा विसरला जातो. फेसिंग मारण्यापूर्वी (हेडचा तळ घासून सपाट करण्यापूर्वी) हेड दाबाखाली तपासून तडा नाही ना, हे बघावे. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे वाया जातात. जुनी गॅस्केट खरवडायला ग्राइंडरची खरखरीत चकती लावू देऊ नका. तिने खाचा पडतात आणि तिची बारीक पूड ऑइलमार्गे बेअरिंगपर्यंत पोहोचते. कंपनीने हेड बोल्ट एकदाच वापरायचे सांगितले असतील तर नवेच घ्या. बोल्टची भोके कोरडी करून, टॉर्क रेंचने, मधून कडेला, टप्प्याटप्प्याने आवळणे हे या कामाचे मर्म आहे. अंदाजाने आवळलेले हेड परत येते. ऑइल, फिल्टर, थर्मोस्टॅट, झाकण आणि नवे कूलंट त्याच वेळी. चाळीस हजारांत यातले काय काय धरले आहे, ते कागदावर लिहून घ्या: सुटे भाग, लेथचे काम, मजुरी, तिन्ही वेगळे.

मित्राने दिलेले लिक्विड बाजूला ठेवा. ते गळती बुजवते तसेच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि मग खरा दुरुस्तीवाला आधी तो चिकटा काढत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. ऐकू नका, थर्मोस्टॅट नसलेले इंजिन बराच वेळ थंडच चालते, पेट्रोल जास्त पिते, आणि मूळ दोष फक्त लपतो.

विकण्याचे म्हणाल तर तो मार्ग वाईट नाही, फक्त आज नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमच्याकडे २०२९ पर्यंत वेळ आहे. दोष माहीत नसलेली गाडी कवडीमोलाने जाते, आणि दोष लपवून विकलेली गाडी घेणाऱ्याच्या कुटुंबाला घाटात अडकवते. वॉटर पंप किंवा होस निघाला तर दुरुस्त करून वापरा. गॅस्केट निघाली, बॉडीला गंज नाही आणि ऑइल स्वच्छ आहे, तर दुरुस्ती करावी असे माझे मत आहे. ऑइलमध्ये पाणी मिसळून गाडी आठवडेच्या आठवडे चालली असेल, तर बेअरिंगचा भरवसा नाही. तेव्हा तपासणीचा कागद दाखवून, त्या किमतीला विकणे योग्य.

आणि चवथ. सणाच्या आधी गॅरेजे आणि लेथ दोन्हीकडे रांग असते, आणि घाईने आवळलेल्या हेडपेक्षा वाईट काही नाही. माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचे) सामान आणायला मेहुण्यांची गाडी मागा, पाहुणे कदंबच्या बसने येतील. तपासण्या मात्र या आठवड्यातच करून घ्या. सुटे कूलंट अंगणात भांड्यात उघडे राहू देऊ नका. त्याची चव गोड असते आणि कुत्र्या-मांजरांना ते प्राणघातक ठरते. दुरुस्तीनंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरून, हवा पूर्ण काढून घ्या. टाकीवर पातळीची खूण पेनाने करा आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी थंड गाडीवर ती बघा. ती एका जागी स्थिर राहिली आणि फॅन वेळेवर लागतो याची खात्री झाली, की मग चोर्ल्याने बेळगावला जा.